तळघराखालचे पाणी

कुंभवलीहून तारापूरचे अणुवीज केंद्र फार दूर नाही. १९६९ साली तिथे सुरू झालेल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या. जपानच्या फुकुशिमातली पहिली भट्टीही त्याच घराण्यातली. ११ मार्च २०११ रोजी भूकंपाने फुकुशिमाला बाहेरून येणारी वीज गेली, तेव्हा डिझेल जनरेटर बिनतक्रार सुरू झाले. मग त्सुनामीचे पाणी शिरले आणि बहुतेक जनरेटर बंद पडले. ते आणि त्यांचे स्विचबोर्ड मुख्यतः तळघरात होते.

आपल्या इमारतींतही पंप तळघरात आणि त्याचा बोर्डही तिथेच, अशी मांडणी सर्रास दिसते. पाणी आले की आधी बोर्ड जातो, मग पंप. बोर्ड वरच्या मजल्यावर घ्यायला असा खर्च तो किती?

खरी गोम जमिनीखालच्या पाण्याची आहे. आमच्या किनारपट्टीला विहिरी पावसाळ्यात किती भरतात, ते गावातल्या कुणालाही विचारा. रिकामे तळघर म्हणजे जमिनीत रुतलेली होडी. भूजल तळाच्या वर दोन मीटर चढले, तर दर चौरस मीटरला खालून दोन टनांची उचल लागते. वर मजले उभे राहिले की त्यांचे वजन ही होडी दाबून धरते. पण काम अर्धवट असताना, जूनमध्ये मजूर गावी गेले आणि पाण्याचा उपसा थांबला, की तळाला तडे जातात, कधी सगळे बांधकामच उचलले जाते. म्हणून भूजलाची पातळी मे महिन्यात मोजून भागत नाही, भर पावसाळ्यातली हवी. वॉटरप्रूफिंग बाहेरच्या अंगाने हवे. आतून रसायन फासणे ही मलमपट्टी. खोदताना शेजाऱ्याच्या पायाखालची माती सुटू नये, यासाठी खड्ड्याच्या बाजूंना आधार द्यावाच लागतो.

मी बँकेत होतो तेव्हा कर्जाच्या फायलीत सर्च रिपोर्ट, मंजूर नकाशा, मूल्यांकन हे सारे असे. भूजलाचा कागद त्या यादीत नसे. वास्तविक तारण घेतलेल्या इमारतीचा तळ कोरडा राहतो की नाही, ही काळजी बँकेचीही आहे.

नकाशावर गोदाम आणि प्रत्यक्षात क्लास, ही तर आपली जुनी खोड. दिल्लीच्या ओल्ड राजिंदरनगरमध्ये २७ जुलै २०२४ रोजी अशाच तळघरातल्या अभ्यासिकेत रस्त्यावरचे पाणी घुसले आणि तीन विद्यार्थी बुडून मेले. परवानगी साठवणूक आणि पार्किंगची होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तसा बोईसरला पडणार नाही, असे कोण लिहून देईल? फ्लॅट पाहायला जाल तेव्हा रॅम्पच्या तोंडाशी रस्त्यापेक्षा उंच उंचवटा आहे का आणि खालून वर यायला दुसरा जिना आहे का, हे बिल्डरला आधी विचारा. मोड्युलर किचनचे नंतर.