मैफल हवी, दरबार नको

(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष, कला)

कुरुंदवाडला गाण्याचे वेड नवे नाही. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांचा जन्म याच गावी १८ ऑगस्ट १८७२ रोजी झाला. त्यामुळे गावातल्या कुणाचा गळा जरा बरा निघाला, की म्हातारी माणसे अजून म्हणतात, “बुवांचं गाव आहे हे!” अशा या गावातून मोठे झालेले, आज मुंबई-पुण्याच्या मैफली गाजवणारे एक गायक यंदा संक्रांतीनंतरच्या शनिवारी गावात गायले. त्यांचे नाव मी लिहीत नाही, कारण माझी तक्रार त्यांच्याविषयी नाही. त्यांनी मानधनाचा एक पैसाही घेतला नाही. सारे उत्पन्न गावातील गरजू विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी होते, आणि त्या विद्यार्थ्यांच्या यादीत माझेही नाव होते.

माझे वडील इचलकरंजीला मागावर काम करतात. त्यांनी त्या दिवशी रात्रपाळी बुडवली आणि शंभर रुपयांचे तिकीट काढले. मी म्हटले, “बाबा, आपल्याला पास मिळेल.” ते म्हणाले, “पोरांच्या शिक्षणासाठी गाणं हाय. तिथं फुकट बसायचं व्हय?” पुढच्या कोचांवर बसलेल्या पुष्कळ मंडळींच्या हातात पास होते, हे मी नंतर पाहिले. असो.

शाळेच्या पटांगणावर मंडप घातला होता. पूरिया धनाश्रीने आरंभ झाला. मला रागदारीतले फारसे कळत नाही. आमच्या घरी गाणे म्हणजे आईच्या ओव्या आणि एकादशीचे भजन. पण दोन तंबोरे जुळले आणि पहिला सूर लागला, तेव्हा सारे पटांगण एकदम गप्प झाले. वडील मागच्या रांगेत डोळे मिटून बसले होते. दिवसरात्र मागाचा खडखडाट ऐकणाऱ्या त्या माणसाला इतके शांत बसलेले मी प्रथमच पाहिले. त्यानंतर एक नाट्यपद झाले. टाळ्या पडल्या. आणि मध्यंतरापूर्वी निवेदकाने आम्हा अकरा जणांची नावे पुकारली.

आम्ही व्यासपीठावर ओळीने उभे राहिलो. प्रत्येकाची माहिती ध्वनिक्षेपकावरून वाचली गेली. कुणाचे वडील वारलेले, कुणाची आई धुणीभांडी करणारी. माझ्या वेळी निवेदक म्हणाले, की हिचे वडील साधे मागवाले आहेत आणि २०१९ च्या महापुरात यांचे राहते घर पडले. तेव्हा मी सातवीत होते. कृष्णा-पंचगंगेचे पाणी ओसरल्यावर आमच्या मातीच्या भिंतींचा नुसता चिखल उरला होता, हे खरे आहे. त्यात खोटे काही नव्हते. पण ते आमचे होते. ते सांगायचे की नाही, कुणाला सांगायचे, हे आम्ही ठरवायचे होते. लोकांनी “अरेरे” केले. मान्यवरांनी पाकीट दिले. छायाचित्रासाठी ते पाकीट दोघांनी दोन बाजूंनी धरले, आणि पहिले छायाचित्र नीट न आल्यामुळे पुन्हा एकदा धरले. गायक बुवा मागे बसून तंबोऱ्याच्या खुंट्या पिळत होते. त्यांनी मान वर केली नाही. त्यांनाही ते पाहवत नसावे, असे मला वाटले.

मध्यंतरानंतर अभंग झाले, शेवटी भैरवी झाली, असे सगळे म्हणतात. मी तिथेच होते, पण मला त्यातले काही आठवत नाही. घरी जाताना वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “गाणं लई झ्याक झालं. तुझं नाव पुकारल्यावर शेजारच्याला सांगावं म्हटलं, ही माझी लेक. पर शब्दच फुटंना.” बारावीचा निकाल लागला त्या दिवशी याच माणसाने एस.टी. स्टँडवर अनोळखी लोकांना पेढे वाटले होते!

या प्रसंगावरून माझ्या मनात एक विचार आला, तो वाचकांपुढे ठेवते. पलुसकरांच्या आधी आपल्याकडे गवई म्हणजे संस्थानिकाच्या पदरी असलेला माणूस. सरकारस्वारीची मर्जी असेल तेव्हा गायचे आणि मिळेल त्या बिदागीसाठी मुजरा करायचा. तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या पहिल्या गायकांत पलुसकरांचे नाव घेतले जाते. १९०१ साली लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले, तेही कुणा राजाच्या कृपेवर न ठेवता लोकांच्या पाठबळावर चालवले. तिकिटाने गवयाला मुजऱ्यातून सोडवले. ज्याने तिकीट काढले तो ऐकणारा, ज्याने गायले तो गाणारा. दोघांच्याही माना ताठ! मग त्याच बुवांच्या गावात, तिकीट लावून झालेल्या मैफलीत, मुजरा करायला आम्हा विद्यार्थ्यांना का उभे करावे? गवई दरबारातून बाहेर पडला आणि त्याच्या जागी गरिबाचे मूल आत गेले, असे तर झाले नाही ना?

यावर आमच्या एका प्राध्यापकांनी मला सांगितले, “आपला पैसा कुणाला मिळाला हे देणाऱ्याला दिसायला हवे. त्याशिवाय लोक पुन्हा देणार नाहीत.” सरांचा मुद्दा खोटा नाही. पण विश्वास चेहऱ्यांनी बसतो की हिशेबाने? १ ऑगस्ट १९७१ रोजी पं. रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी न्यूयॉर्कला एकाच दिवशी दोन कार्यक्रम केले. सुमारे चाळीस हजार लोक आले. कुणा निर्वासिताला व्यासपीठावर उभे करावे लागले नाही, तरी तिकिटांतून सुमारे दोन लाख त्रेचाळीस हजार डॉलर जमले आणि ते ‘युनिसेफ’कडे गेले. पुढे ध्वनिमुद्रिका व चित्रपट यांचे पैसे मात्र करसवलतीची व्यवस्था आधी न केल्यामुळे कित्येक वर्षे अडकून पडले. म्हणजे चेहरे न दाखवल्याने तिथे काही अडले नाही. अडले ते कागदोपत्री व्यवस्थेपाशी.

आपल्या गावच्या मैफलीला आज दोन महिने झाले. तिकिटे किती खपली, पास किती वाटले, मंडपाला किती गेले आणि शिल्लक किती राहिली, याचा कागद अजून कुठे लागलेला नाही. आमचे चेहरे मात्र सर्वांना पाठ झाले आहेत.

अशा मैफली बंद कराव्यात, असे मी म्हणत नाही. त्या पाकिटातून मी परीक्षा शुल्क भरले, हे लपवून मला कृतघ्न व्हायचे नाही. मैफली दरवर्षी व्हाव्यात. पण मदतीची रक्कम विद्यार्थ्याच्या बँक खात्यात परस्पर जमा करावी. आठ दिवसांच्या आत पै न पै हिशेब फळ्यावर लावावा. पुढच्या कोचांवर बसणाऱ्यांनी तिकीट काढावे. मागवाला काढतो, तर त्यांना का जड जावे? आणि आम्हाला व्यासपीठावर आणायचेच असेल, तर जाजम अंथरायला आणा, तंबोरे उचलायला आणा. दारोदार तिकिटे विकायचे काम आम्हाला द्या. आम्ही ते आनंदाने करू. हात पसरण्यापेक्षा हात लावणे आम्हाला जास्त चांगले जमते.

पुढच्या वर्षी बुवा पुन्हा येणार आहेत, असे ऐकते. वडिलांनी आत्ताच विचारले आहे, तिकिटे कधी मिळणार म्हणून. या वेळी ते दोन घेणार आहेत. मला त्यांच्या शेजारी बसून भैरवी ऐकायची आहे.