रात्रीची लाईट आणि छातीतली जळजळ

उसाला दारं धरून माणूस मध्यरात्री घरी येतो. भाकरी, झणझणीत कालवण, वर तांब्याभर पाणी आणि लगेच अंथरूण. पहाटे घशाशी आंबट येतं, छाती जळते. सकाळी दुकानातून पित्ताची गोळी. आंबेगाव तालुक्यातल्या अवसरी बुद्रुकच्या शिवारात हे इतकं अंगवळणी पडलं आहे की त्याला कोणी आजार म्हणत नाही. पारगावच्या भीमाशंकर साखर कारखान्याचा हंगाम लागला की जागरणं आणखी वाढतात.

दोष तिखटाला मिळतो. मासवडीचा रस्सा बंद होतो, जळजळ मात्र राहतेच. तिखट काहींना बाधतं हे खरं. पण मूळ दुखणं वेगळं आहे. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. एरवी ते आवळलेलं असतं. पोट तुडुंब भरलं, ढेरी सुटली, तंबाखू-दारू जडली की त्याची पकड सुटते. माणूस उभा असेल तर आम्ल बहुतेक खालीच राहतं, आडवा झाला की वर चढतं. म्हणून काय खाल्लं याआधी, जेवून किती वेळाने पाठ टेकली हे विचारायला हवं. मध्ये तीन तास हवेत. ज्याला रात्री पाणी भरायचंच आहे त्याने निघण्यापूर्वीच जेवून घ्यावं. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा सरकवाव्यात आणि डाव्या कुशीवर झोपावं. उशांवर उशा रचू नयेत. त्याने शरीर कमरेत वाकतं आणि पोटच दाबलं जातं.

पँटोप्राझोल, ओमेप्राझोल या जळजळ उठल्यावर तोंडात टाकायच्या गोळ्या नव्हेत. त्या जेवणाआधी अर्धा तास, डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपुरत्याच घ्यायच्या. आपल्या मनाने वर्षानुवर्षं घेतल्या तर बी 12 कमी होऊ शकतं. एकदम सोडल्या तर आम्ल उसळतं. कंबरदुखीच्या गोळ्या रोज चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगावं. घास अडकू लागला, विनाकारण वजन उतरलं, शौचाला डांबरासारखं काळं झालं, तर दुर्बिणीने तपासणी टाळू नये. आणि छातीत दडपण येऊन घाम फुटला, तर पित्त म्हणून सोडा पीत बसू नये. आधी ईसीजी काढावा. सोडा पिण्यात गेलेला अर्धा तास जिवावर बेततो.

एवढं सगळं सांगूनही शेतकऱ्याच्या हातात नसलेली एक गोष्ट उरते. शेतीची लाईट पुष्कळदा रात्रीच्या पाळीत येते, म्हणून तो रात्री शेतात असतो. जुन्नर-आंबेगावात बिबट्याच्या भीतीने दिवसा विजेची मागणी कितीदा तरी झाली. सौर कृषी वाहिनी योजना 2017 पासून तेच आश्वासन देते आहे. त्या मागणीच्या निवेदनात बिबट्याच्या जोडीला शेतकऱ्याची झोप आणि वेळेवरचं जेवणही लिहिलं पाहिजे.