आधी बसवून पाहा, मग बांधा

अपंगांच्या सुगम्यतेविषयीचा केंद्र सरकारचा नियम १५ (१) सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी रद्दबातल ठरविला. त्यामागे हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठातील केंद्राचा अहवाल होता. २०१६चा कायदा सक्ती करतो आणि नियम मात्र शिफारशींवर भागवितो, ही ती विसंगती.

त्याच हैदराबादेत २०१७ साली सुरू झालेल्या मेट्रोचा डबा फलाटाशी जवळजवळ समपातळीत उभा राहतो. चाकाची खुर्ची सरळ आत जाते. रेल्वेच्या उंच फलाटाची उंची रुळापासून फार तर ८४० मिलिमीटर, डब्याचा तळ मात्र सव्वा मीटरच्या घरात! कोकणातील अपंग प्रवाशासाठी हे अंतर नातलगांचे खांदे भरून काढतात.

डबा बांधण्यापूर्वी त्याची प्रतिकृती आज संगणकावर उभी करता येते. आभासी वास्तवाचा चष्मा लावून प्रवासी तीत खुर्ची वळवून पाहू शकतो. दाराशी चाक अडले तर पडद्यावरच दुरुस्ती होते, पोलाद कापल्यावर ती महागात पडते. ब्रेकचा हिसका तेवढा चष्म्यात जाणवत नाही. त्यासाठी लाकडी नमुना हवाच. पण तो चष्मा अभियंत्याने नव्हे, रोज खुर्ची वापरणाऱ्याने लावला पाहिजे. नव्या डब्यांच्या निविदांत रेल्वे मंत्रालयाने ही अट घालावी, अशी आमची मागणी आहे.