पाणवठा एकच हवा



कुत्र्याचा परवाना, गुरांचा कोंडवाडा, म्हाताऱ्या बैलाची विक्री या किरकोळ बाबी आहेत, त्यांत राष्ट्राचा प्रश्न कोठून आला, असे पुष्कळ लोक विचारतात. माझे मत याच्या नेमके उलट आहे. कोणत्या जनावराला कोणते स्थान द्यावयाचे हे ठरविताना या देशाने कोणत्या माणसाला कोणते स्थान द्यावयाचे हेही ठरवून टाकले आहे. म्हणून जनावरांसंबंधीचा प्रत्येक कायदा आपण डोळे उघडे ठेवून वाचला पाहिजे.

मनुस्मृतीचा दहावा अध्याय पाहा. चांडाळाने गावाबाहेर राहावे आणि कुत्री व गाढवे हीच त्याची संपत्ती असावी, असा तेथे दंडक आहे. गाय, घोडा, हत्ती त्याच्या वाट्याला नाहीत. कोणी कोणते जनावर पाळावे याचा हा कायदाच होता. या कायद्यात कुत्र्याविषयी ममता नव्हती आणि माणसाविषयी तर नव्हतीच. अंगणातील जनावर पाहून माणसाची पायरी ओळखता यावी, एवढाच त्याचा हेतू!

आता महाडकडे या. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, असा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात 1923 साली श्री. बोले यांनी मांडला व तो संमत झाला. महाड नगरपालिकेने 1924 साली चवदार तळे खुले केल्याचे जाहीरही केले. परंतु कागदावर खुले झालेले तळे प्रत्यक्षात बंदच राहिले. गुरे त्या तळ्यात उतरत, कुत्री पाणी पीत आणि त्यामुळे कोणाचा धर्म बुडत नव्हता. बुडत होता तो फक्त आमच्या ओंजळीने! 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी ती ओंजळ भरली. त्यानंतर न्यायालयातून अखेरचा निकाल हाती यावयास 1937 साल उजाडले. कुत्र्याला मात्र त्या पाण्यासाठी एक दिवसही खटला लढवावा लागला नव्हता.

14 ऑगस्ट 1931 रोजी मुंबईतील मणिभवनात बाबासाहेबांची व गांधीजींची भेट झाली. ज्या देशात आम्हांला कुत्र्यामांजरांपेक्षाही हीन वागविले जाते आणि प्यावयाला पाणी मिळत नाही, त्या देशाला मी आपला देश कसा म्हणू, असा बाबासाहेबांचा सवाल होता. वाचकहो, या सवालाचा नीट विचार करा. राष्ट्रीयत्व ही केवळ ध्वजाला वंदन करण्याची गोष्ट नव्हे. ज्या भूमीत माणसाची किंमत जनावरापेक्षा कमी ठरते, त्या भूमीवर प्रेम करा असे त्या माणसाला सांगणे ही त्याची थट्टा होय.

या सवालाचे उत्तर 26 जानेवारी 1950 रोजी अंमलात आलेल्या संविधानाने दिले. कलम 15 ने विहिरी, तलाव आणि स्नानाचे घाट सर्वांना खुले केले. कलम 17 ने अस्पृश्यता नष्ट केली. पुढे 1976 साली मूलभूत कर्तव्यांचे कलम 51क आले आणि प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हेही नागरिकाचे कर्तव्य ठरले. हा क्रम ध्यानात ठेवा. प्रथम माणसाला पाणी, मग प्राण्याला दया. यात विरोध मुळीच नाही. ज्या अशोकाचा सिंहस्तंभ आपली राजमुद्रा आहे, त्याच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी व पशूंसाठी अशा दोन्ही प्रकारच्या औषधोपचारांची सोय केल्याचे आणि दोघांच्याही उपयोगासाठी वाटेवर विहिरी खणल्याचे कोरलेले आहे. सिंहस्तंभावर धम्मचक्राच्या शेजारी बैल आहे, घोडा आहे, हत्ती आहे, सिंहही आहे. चौघांपैकी एकाचाही उपयोग माणसाला खाली ढकलण्यासाठी केलेला नाही. भारताची राष्ट्रीय ओळख कोणती, असे मला कोणी विचारले तर मी या सामाईक विहिरीकडे बोट दाखवीन.

परंतु आज दुसरीच ओळख आपल्यावर लादली जात आहे. 1973 पासून वाघ हा भारताचा राष्ट्रीय प्राणी आहे. असे असता 2021 साली अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी गाईला राष्ट्रीय प्राणी घोषित करावे, असे मत आपल्या आदेशात नोंदविले. संविधानाचे कलम 48 शेती व पशुसंवर्धन शास्त्रीय पद्धतीने करण्याविषयी बोलते आणि त्याच ओघात गोवंशाच्या कत्तलबंदीचा उल्लेख करते. ते मार्गदर्शक तत्त्व आहे. देशभक्तीची परीक्षा नव्हे. महाराष्ट्रात 2015 साली बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि पाच वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा ठरली. थकलेल्या बैलाला दावणीला बांधून वैरण कोठून आणावी, हे मात्र अल्पभूधारक शेतकऱ्याला कोणी सांगितले नाही. आणि 11 जुलै 2016 रोजी गुजरातेत उनाजवळ काय घडले? मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या आमच्या बांधवांना गाडीला बांधून झोडपले गेले. शतकानुशतके मेलेले ढोर ओढण्याची सक्ती ज्यांनी केली, त्यांच्याच वारसांनी ढोर ओढले म्हणून मारावे, याला प्राणिदया म्हणावयाचे काय?

कोणी म्हणेल, तुम्ही बौद्ध, तुमचे पहिले शीलच प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे. मग तुमची तक्रार कसली? उत्तर सरळ आहे. शील हे स्वतः घ्यावयाचे असते. दुसऱ्याच्या पाठीवर हाणावयाची ती काठी नव्हे.

आता कुत्र्यांचा वाद घ्या. 11 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील सर्व मोकाट कुत्री निवाऱ्यांत डांबण्याचा आदेश दिला. 22 ऑगस्टला तो बदलला. पिसाळलेली वा हिंस्र कुत्री वगळता बाकीची नसबंदी व लसीकरण करून मूळ जागी सोडावीत, असे ठरले. 7 नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारांतून कुत्री हटविण्याचा आदेश आला. या वादात एक पक्ष कुत्र्यांच्या दयेचा आणि दुसरा त्यांच्या भयाचा. परंतु बंद दारामागे राहणारा आणि मोटारीतून फिरणारा माणूस या दोन्ही पक्षांत मोठ्या आवाजात बोलतो. पहाटे रस्ता झाडणारी बाई, पायी शाळेत जाणारे पोर, झोपडीच्या दाराशी खेळणारे लेकरू यांचा आवाज कोठे आहे? पिसाळरोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस बहुधा वाचत नाही; आणि जगात संशयित पिसाळ जनावराने चावलेल्यांपैकी सुमारे 40 टक्के पंधरा वर्षांखालील मुले असतात. ही मुले कोणत्या वस्त्यांतील, हे का सांगावयास हवे?

म्हणून माझे मत असे की कुत्र्याला मारू नये आणि लेकराला मरू देऊ नये. 2023 च्या नियमांनी मोकाट कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण हे स्थानिक संस्थांचे काम ठरविले आहे. ते काम झाले तर दया आणि सुरक्षितता दोन्ही साधतात. झाले नाही तर दोन्ही बुडतात, आणि त्याचा भुर्दंड गरिबाला बसतो.

तेव्हा तुम्ही काय करावे? घरी कुत्रा पाळाल तर त्याला लस टोचा व नगरपालिकेचा परवाना असेल तर तो काढा. कुत्रा चावल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि तडक सरकारी दवाखाना गाठा. अंगारा, गंडा, देवऋषी यांच्या वाटेला क्षणभरही जाऊ नका. ती वाट आपण सोडली आहे. दवाखान्यात लस नसेल तर पंचायतीला व नगरसेवकाला लेखी जाब विचारा. जनावरांच्या नावाने कोणी झुंड जमवून आला तर एकजुटीने आणि कायद्याने त्याचा प्रतिकार करा.

आणि आपल्या मुलांना हे अवश्य शिकवा: दारी आलेल्या मुक्या जिवाला पाणी पाजावे. पाणी नाकारले जाणे म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? परंतु ज्या पाणवठ्यावर जनावर पाणी पिते, तेथे माणसाला कोणी अडवीत असेल, तर तो पाणवठा राष्ट्राचा नव्हे. राष्ट्राचा पाणवठा एकच असतो आणि तो सर्वांचा असतो.