कानातले यंत्र, घरातली मराठी

दिवाळीच्या आठवड्यात वडोदऱ्याच्या रावपुऱ्यात धडधाकट कानांनाही शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. टॉवरपाशी गाड्यांचे हॉर्न, दुकानांपुढचे स्पीकर आणि अंधार पडला की फटाके. या गोंगाटात कानामागे यंत्र लावलेले मूल आजीचा शब्द कसा वेचत असेल? यंदाचे संपादकीय त्या मुलाविषयी आहे.

त्याचे यंत्र म्हणजे कॉक्लिअर इम्प्लांट. त्याचा एक भाग अंगावर असतो, दुसरा अंगात. कानामागचा प्रोसेसर आवाज टिपतो आणि त्याचे उंच-खालच्या स्वरांचे पट्टे पाडतो. डोक्याला चुंबकाने चिकटलेली चकती हे संकेत रेडिओलहरींनी कातडीआड पोचवते, आणि लागणारी वीजही. त्यामुळे आतल्या भागाला बॅटरी लागत नाही. निरोगी कानात सुमारे साडेतीन हजार आंतरकेशपेशी जे काम करतात, ते इथे केसासारख्या तारेवरच्या 12 ते 22 इलेक्ट्रोडांवर भागवायचे असते. मेलबर्नला ग्रेम क्लार्क यांनी 1978 मध्ये असे अनेक इलेक्ट्रोडांचे यंत्र बसवले. आपल्याकडे ही शस्त्रक्रिया रुजवणाऱ्यांत मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने अग्रणी; त्यांना 2014 मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच वर्षापासून केंद्राच्या अ‍ॅडिप योजनेत लहान मुलांच्या इम्प्लांटसाठी सहा लाख रुपयांपर्यंत मदत मिळू लागली.

शस्त्रक्रिया काही तासांत आटोपते. काही आठवड्यांनी यंत्र सुरू होते तेव्हा मूल बहुधा दचकते, रडतेही. त्याला आवाज मिळालेला असतो, अर्थ नाही. पुढची काही वर्षे ऑडिओलॉजिस्ट प्रत्येक इलेक्ट्रोडची पातळी पुन्हा पुन्हा जुळवतो, थेरपिस्ट शिकवतो, आणि उरलेला सगळा वेळ घर शिकवते. रोज सकाळी आई तोंडापुढे हात धरून आ, ऊ, ई, म्, श्, स् असे सहा ध्वनी म्हणते. एखाद्याला मुलाने प्रतिसाद दिला नाही, तर वायर, बॅटरी किंवा जुळणी तपासायची वेळ आली असे समजायचे.

आणि इथेच वडोदऱ्याच्या मराठी घरांचा प्रश्न उभा राहतो. शाळा बहुधा गुजराती नाहीतर इंग्रजी. मग मुलाचा गोंधळ नको म्हणून घरातली मराठी बंद करायची, असे पुष्कळांना वाटते. तसा सल्लाही दिला जातो. आम्हाला तो मान्य नाही. इम्प्लांट लवकर बसले आणि भरपूर बोलणे कानी पडले, तर अशी मुले दोन भाषा शिकू शकतात, हे अभ्यासांतून दिसले आहे. मुख्य म्हणजे मुलाला सहज, भरभरून, रागावून, लाडाने बोललेली भाषा लागते. आजी मोडक्या इंग्रजीत दोनच वाक्ये बोलून गप्प बसणार असेल, तर त्या मुलाचे दिवसभराचे ऐकणे बुडाले. कवळाण्याहून 1875 मध्ये आलेल्या बारा वर्षांच्या गोपाळरावांना, म्हणजे पुढच्या महाराज सयाजीरावांना, याच शहरात मराठी, गुजराती, इंग्रजी आणि उर्दू शिकवल्या गेल्या. दोन भाषांचे ओझे होईल ही भीती या गावाने तरी बाळगू नये. ज्या घरांनी इम्प्लांटऐवजी खुणांची भाषा निवडली, त्यांचीही भाषा पूर्णच आहे. तीसुद्धा घरातल्या सगळ्यांनी शिकावी.

एक तक्रार मात्र सरकारदरबारी पोचायला हवी. हमीची मुदत संपली की वायरी, बॅटऱ्या आणि पुढे नवा प्रोसेसर यांचा खर्च कुटुंबावर येतो. लाखोंची मदत मिळून बसवलेले यंत्र एका तुटक्या वायरीपायी कपाटात पडून राहावे, हे आम्हाला सहन होत नाही. दुरुस्तीचा खर्च योजनेतच धरला पाहिजे.

फटाक्यांविषयी थोडे. प्रोसेसर मोठा आवाज ठरावीक मर्यादेत दाबतो, पण त्या दणक्यात बोलणे मात्र बुडून जाते. म्हणून फराळाला मुलाशेजारी बसा, टीव्ही बंद करा, खिडकी लावून घ्या. या अंकातल्या बालविभागात यंदा मोठ्याने वाचून दाखवायच्याच गोष्टी घेतल्या आहेत. वाक्ये छोटी आहेत आणि एकच ओळ मुद्दाम पुन्हा पुन्हा येते.