चष्मा उतरल्यानंतर

लेसरने चष्मा उतरविलेले बहुतेकजण समाधानी असतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सहभागाने झालेल्या ‘प्राउल’ अभ्यासांत ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांनी आपल्या दृष्टीविषयी समाधान व्यक्त केले. मात्र त्याच अभ्यासांत, डोळ्यांच्या कोरडेपणाची पूर्वी तक्रार नसलेल्यांपैकी ३० टक्क्यांपर्यंत रुग्णांना तीन महिन्यांनंतर ती जाणवत होती. काहींना दिव्यांभोवती वलये दिसू लागली होती. म्हणजे समाधान आणि त्रास एकत्र नांदू शकतात.

या शस्त्रक्रियेत कॉर्नियातील सूक्ष्म मज्जातंतू छेदले जातात. परिणामी अश्रू कमी स्रवतात आणि ते पूर्ववत होण्यास बहुधा काही महिने लागतात. म्हणून निर्णयापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे: माझा कॉर्निया पुरेसा जाड आहे काय? चष्म्याचा नंबर स्थिरावला आहे काय? डोळे आधीच कोरडे आहेत काय? रात्री वाहन चालवावे लागत असल्यास तेही आवर्जून सांगावे. शिवाय दूरचा चष्मा गेला, तरी वयानुसार लागणारी ‘चाळिशी’ या शस्त्रक्रियेने टळत नाही, हेही ध्यानी असावे. हे सारे आधी ठाऊक असलेला रुग्ण नंतरच्या तक्रारींनी घाबरून जात नाही आणि वेळीच उपचार घेतो.