दादा बरा झाला, असं मीच सांगून आलो

इथे आपण जुने वाडे, गणपती, आजीच्या हातची पुरणपोळी यांच्या आठवणी लिहितो. आज जरा वेगळं लिहितोय. आमच्या इंदूरच्या घरातली ही गोष्ट इतकी वर्षं आम्ही चार भिंतींत ठेवली. ठेवल्याने नुकसानच झालं, म्हणून वहिनीला विचारून लिहितो.

2016 चा पावसाळा. गणपतीला आठ-दहा दिवस होते. दादा क्लॉथ मार्केटमध्ये एका पेढीवर हिशेब बघायचा. संध्याकाळी स्कूटरवरून घरी येताना मागून कारने ठोकलं. हेल्मेट होतं, पण डिकीत. आम्ही दवाखान्यात पोचलो तोवर त्याला सिटी स्कॅनला नेलं होतं. मेंदूच्या आवरणाखाली रक्त साचलं होतं. रात्रीच ऑपरेशन झालं. कवटीचा हाडाचा तुकडा काढून त्याच्या पोटाच्या कातडीखाली ठेवला आणि तीन महिन्यांनी परत डोक्यावर बसवला. हे असं करतात हे आम्हाला तेव्हाच कळलं.

एकोणीस दिवसांनी दादा घरी आला. वहिनीने ओवाळलं. आत्या म्हणाली, "देवाने राखलं रे बाबा." सगळ्यांना वाटलं, सुटलो.

मग एकेक गोष्टी दिसायला लागल्या. दूध उतू जाऊन जळलं तरी शेजारी बसलेल्या दादाला वास नाही. वरणाला चव नाही म्हणून ताट सरकवायचा. चाळीस खाती तोंडपाठ असलेला माणूस दुधाच्या हिशेबात अडकून रडायला लागला. किलोभर बटाटे आणायला जाऊन तीनदा पाच-पाच किलो आणले. ज्याने आयुष्यात कुणाला "अरे" म्हटलं नाही, तो आत्याला पाहुण्यांसमोर नको ते बोलला. मिरवणुकीचा ढोल ऐकला की कान दाबून न्हाणीघरात बसायचा. आणि विचारलं तर म्हणायचा, "मला काय झालंय? मी ठणठणीत आहे."

आम्ही काय केलं? झाकलं. आपल्याकडे घरातलं माणूस "डोक्याने गेलंय" असं कुणी म्हणू नये याची केवढी धास्ती! पाहुणे आले की वहिनी त्याला आतल्या खोलीत पाठवायची. पेढीच्या शेठजींना मी सांगितलं, थोडा अशक्तपणा आहे. त्यांनी चार महिने वाट पाहिली, मग दुसरा माणूस ठेवला.

नुकसानभरपाईचा दावा वकिलांनी टाकलाच होता. पुढच्या उन्हाळ्यात लोक अदालतीत तडजोडीला बोलावलं. विमा कंपनीच्या वकिलाने हेल्मेटचा मुद्दा काढून रक्कम खाली आणली. मग दादाला विचारलं, "अब कैसे हैं?" दादा हसून म्हणाला, "एकदम फर्स्ट क्लास." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हाँ साहब, अब ठीक हैं." चारचौघांत भावाची लाज राखली असं मला वाटलं. सह्या झाल्या. दवाखान्याचं बिल आणि वर थोडंफार, एवढंच हातात आलं. लोक अदालतीत झालेली तडजोड अंतिम असते, तिच्यावर अपील नाही. हे मला नंतर कळलं.

तीन वर्षांनी एका ओळखीच्या डॉक्टरांनी दादाला मानसशास्त्रीय तपासणीला पाठवलं. दोन दिवस स्मरणशक्ती, लक्ष, नियोजन यांच्या चाचण्या झाल्या. त्या मॅडमनी पहिल्यांदा आम्हाला नीट समजावलं. डोक्याला हिसका बसला की मेंदू कवटीच्या आतल्या खडबडीत हाडावर आपटतो. कपाळामागचा भाग दुखावला तर राग आवरणं, बेत आखणं, कुणापुढे काय बोलावं हे कळणं, यावर परिणाम होतो. नाकाकडून मेंदूत जाणारे बारीक तंतू तुटले की वास जातो. आपल्यात बदल झालाय हे न कळणं हासुद्धा इजेचाच भाग असू शकतो. म्हणजे त्याचं "फर्स्ट क्लास" हे खोटं नव्हतं. त्याला तसंच वाटत होतं. खोटं बोललो तो मी.

दवाखान्याच्या कागदावर ग्लासगो कोमा स्केलचा आकडा होता, आणला तेव्हा 9, घरी सोडताना 15. पैकीच्या पैकी 15 बघून आम्ही पेढे वाटले होते. हे मोजमाप 1974 मध्ये निघालं. डोळे उघडतो का, बोलतो का, हातपाय हलवतो का, एवढंच ते बघतं. हिशेब जमतो का, स्वभाव तोच आहे का, हे त्यात येत नाही.

माझं स्पष्ट मत आहे की डोक्याच्या इजेत घरच्यांचं "बरा आहे" हे फार महागात पडतं. उपचारालाही आणि न्यायालाही. दादाला ज्या सवयी नंतर लावल्या, म्हणजे खिशात वही, ठरलेल्या वेळेची कामं, दुपारची झोप, गोंगाटापासून दूर ठेवणं, त्या पहिल्या वर्षीच लावता आल्या असत्या. आम्ही ते वर्ष लपवण्यात घालवलं.

कायदा तसा आपल्या बाजूने बोलू शकतो. 2010 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईचं नुकसान एक नव्हे. माणूस काम काय करत होता ते बघा. हिशेबनिसाचे हातपाय शाबूत असले तरी आकडेमोड गेली तर त्याचं काय उरलं? 2020 च्या एका निकालात हरियाणातल्या मेंदूला जबर इजा झालेल्या मुलीला आयुष्यभर सांभाळायला माणूस लागेल, तो खर्चही धरला. पण हे सगळं न्यायाधीशापुढे कुणी मांडलं तर. कोरी करकरीत माणसं "ठीक आहे" म्हणत उभी राहिली तर ते तरी काय करणार? प्रमाणपत्राचीही अडचणच. 2016 च्या अपंग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, पण अपघाताने झालेल्या मेंदूच्या इजेचं स्वतंत्र नाव त्यात नाही. दुसऱ्या प्रकारात बसवून घ्यावं लागतं.

तर मंडळी, कुणाच्या घरी असं झालं, न होवो, तर एवढं करा. पहिल्या दिवसापासून वही ठेवा: काय विसरला, केव्हा चिडला, काय जमलं नाही, तारखेसकट. स्मरणशक्तीची चाचणी डॉक्टरांकडून मागून घ्या. दावा अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत टाका, 1 एप्रिल 2022 पासून कायद्यात ती मुदत आली आहे. तो आपण राहतो त्या गावीही टाकता येतो. अर्ज लवकर करा, पण तडजोडीची सही चाचणी झाल्याशिवाय करू नका. आणि हेल्मेट डोक्यावर घाला, डिकीत नको.

दादा आता सकाळी वहिनीबरोबर भाजी निवडतो. वहीत लिहिलेलं एकेक काम झालं की रेघ मारतो. परवा ही पोस्ट त्याला वाचून दाखवली. ऐकून म्हणाला, "लिही. पण बटाट्यांचं काढ." काढलं नाही. माफ कर रे दादा, त्याबद्दलही आणि त्या दिवसाबद्दलही.